दोन तोंडांची नस

माझ्या पोटावर एक मोठा वण आहे. उजव्या बरगडीखालून आडवा येतो आणि मधोमध वळून वर चढतो. कुणाला पाहायचा असला तर मी भर चौकात शर्ट वर करून दाखवतो, मला त्याची लाज नाही. लाज बघणाऱ्याला वाटते. बघून झालं की तो इकडंतिकडं पाहतो, चहाचा घोट घेतो आणि हळूच विचारतो, "बायकोला दिलं म्हणे?"

त्या "बायकोला"त जे काय असतं ना, त्यानं अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आईला दिलं असतं तर गावानं माझा सत्कार केला असता. लेकराला दिलं असतं तर लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. बायकोला दिलं म्हणल्यावर मात्र माणसं अशी बघतात, की मी जसा काही घरचा ट्रॅक्टर चालू करून नदीत सोडून आलोय. म्हणून मी सरळ म्हणतो, "व्हय, बायकोला. अजून काही?" बहुतेकांचं तिथंच संपतं.

मी कुरुंद्याचा. हळद शिजवायचा कुकर चालवतो. लांबच्या वाचकाला कळावं म्हणून सांगतो. ट्रॅक्टरच्या मागं एक बॉयलर असतो, त्याला मोठाले ड्रम जोडलेले असतात, बॉयलरची वाफ पाइपातून त्या ड्रमांत जाते. हळद निघाली की शेतोशेत फिरायचं, ओली हळद ड्रमात भरायची, वाफेवर शिजवायची आणि रानातच पसरून द्यायची. कडक वाळली की पॉलिशचा ड्रम लागतो. तो गरगर फिरतो, हळदीच्या कांडीवरची साल निघते, आणि जी धूळ उठते ती अख्ख्या शिवारात पसरते. कुकरवर मी आणि पॉलिशवर माझी बायको, असा आमचा संसार होता. ड्रम कधी थांबवायचा हे कांडी हातात घेऊन ती ठरवायची. मजूर बाया मला घाबरत नव्हत्या, तिला घाबरायच्या. ड्रमच्या आवाजावर तिचा आवाज चढायचा.

नंतर पुष्कळ शहाण्यांनी मला सुनावलं, बायकोचे डोळे पिवळे पडलेले तुला दिसले कसे नाहीत. मी त्यांना म्हणतो, फाल्गुन-चैतात आमच्याकडं या आणि पिवळं नसलेलं एक माणूस काढून दाखवा. त्या दिवसांत आमचे कान पिवळे, नखं पिवळी, उशीची खोळ पिवळी, आंघोळीचं पाणी पिवळं. दारातलं पांढरं कुत्रं पिवळं. डोळ्यांत धूळ जाऊन जाऊन सगळ्यांचेच डोळे कसेतरी झालेले असतात. ती स्वतःच आरशात बघून म्हणाली होती, "अवंदा लईच रंग चढला बाई." थकवा येत होता, तर हंगामात कुणाला येत नाही? अन्न जात नव्हतं, तर त्या धुळीत कुणाला जातं? अख्खं गाव ज्या रंगात बुडालेलं, त्यात तिचा रंग वेगळा आहे हे ओळखायला कुणाचा बाप आला असता तरी जमलं नसतं.

हंगाम संपला. पॉलिशचा ड्रम धुऊन पत्र्याखाली लावला. हळूहळू सगळ्यांचा रंग उतरला, तिचा उतरला नाही. वजरीनं तळहात घासघासून लाल केले, तरी मधून पिवळं ते पिवळंच. तेव्हा माझ्या मायच्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणाली, "अगं बाई, ही तर कावीळ हाय."

मग सुरू झाला आमच्याकडचा रिवाज. शेजारच्या गावात कावीळ उतरवणारा एक म्हातारा आहे, त्याच्याकडून मुळ्यांची माळ आणली. ती डोक्यावर ठेवायची, मग ती आपोआप वाढत वाढत खाली येते आणि तशी कावीळ उतरते म्हणतात. माळ खरंच वाढली, पार छातीवर आली. कावीळ जागची हलली नाही. शिवाय काविळीला हळद चालत नाही, पिवळ्यात पिवळं नको, हा दुसरा नियम. आता कुरुंद्यात राहून हळद वर्ज्य म्हणजे काय करायचं? मायनं भाजीतली हळद बंद केली, मग घरातली बेण्याची पोती शेजारी नेऊन टाकली, मग अंगणातली धूळ दोनदा धुऊन काढली. बायको ओट्यावर बसून बघत होती. शेवटी म्हणाली, "आत्या, तुमच्या पोराच्या अंगातून बी हळदीचा वास येतो. त्याला बी शेजारी नेऊन टाका."

पोटात पाणी भरायला लागलं तेव्हा मात्र हसणं थांबलं. नांदेडच्या डॉक्टरनं सोनोग्राफी केली आणि एक शब्द जास्त न बोलता हैदराबादला पाठवलं. तिथं कळलं, की लिव्हर आकसून दगडासारखं झालंय. दारू नाही, बाहेरचं काही नाही. तिचंच शरीर तिच्या लिव्हरला परकं समजून वर्षानुवर्षं खात बसलं होतं. औषधाची वेळ टळून गेली होती. दुसरं लिव्हर बसवलं तर ती जगेल, नाहीतर फार दिवस नाहीत, असं तिथल्या सर्जन मॅडम म्हणाल्या. मेलेल्या माणसाच्या लिव्हरसाठी नाव लावता येतं, पण नंबर लागेपर्यंत ती टिकेल याची त्यांना खात्री नव्हती. घरच्यापैकी कुणी जिवंतपणी अर्धं देऊ शकतं, देणाऱ्याचं उरलेलं काही महिन्यांत वाढून जवळजवळ पहिल्याएवढं होतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मी विचार करायला बाहेर गेलो नाही. तिथंच म्हणलं, "माझं घ्या."

पैशाचं काय केलंस असं कुणी विचारू नये. ते माझं मी बघितलं.

त्या दवाखान्याच्या बाकड्यांवर बसून मी जे पाहिलं ते मात्र सांगतो. जोड्याजोड्यांनी माणसं बसलेली. आजारी नवरा, शेजारी देणारी बायको. आजारी भाऊ, शेजारी बहीण. आजारी लेक, शेजारी माय. नर्स बाहेर आली आणि तिनं आमच्याकडं बघून बायकोला हाक मारली, "डोनर, अंदर आओ." आणि मला व्हीलचेअर दाखवली. माझी धडधाकट तब्येत, आणि माझ्या शेजारी पोट फुगलेली, पिवळीजर्द बाई. तरीही पेशंट मीच. बायको मला म्हणाली, "बसा की, फुकट फिरवून राहिली तर फिरून घ्या." मी नर्सला म्हणलं, "उलटं हाय बाई. आमच्यात उलटं हाय." ती वरमली, पण तिची तरी काय चूक. ती रोज जे बघत होती तेच तिनं धरलं.

रक्तगट जुळला. लिव्हरमध्ये चरबी नाही निघाली. तिचा भाऊ, माझा मेहुणा, बिचारा आपणहून पुढं आला होता, पण त्याचं लिव्हर चरबीनं भरलेलं. त्याला वजन उतरवायला सांगितलं तर तो रोज सकाळी वसमत रस्त्यानं चालायला लागला, आणि वजन काही तिच्या आजाराच्या चालीनं उतरेना. आमची पोरगी म्हणाली मी देते, तर कायद्यानं ती लहान. उरलो मी.

घरी येऊन सांगितलं तेव्हा खरी लढाई लागली. बाप लहानपणी गेल्यावर मला दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं वाढवलं. त्याचा शब्द मी कधी मोडला नव्हता. तो बैठकीत बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"कोण्या नवऱ्यानं आजपर्यंत बायकोसाठी पोट फाडून घेतलंय, दाखव मला," तो म्हणाला.

"मी दाखवतो. माझंच बघ."

"येड्यावानी बोलू नको. तुला काही झालं म्हंजे? पोरगी, माय, सगळी उघड्यावर. ती गेली तर दुःख हाय, न्हाई असं न्हाई. पण पोरीला आमी बघू. तुझं बी वय काही गेलं न्हाई, पुन्हा..."

"पुन्हा काय? पुरं बोल दादा."

त्यानं गुडघ्यावरची टोपी फिरवली. माय कोपऱ्यात रडत होती. बायको आतल्या खोलीत होती आणि मधे नुसता पडदा होता, सगळं तिच्या कानावर जात होतं. माझं डोकं फिरलं. मी म्हणलं, "तिच्या जागी मी असतो आणि माझ्या जागी ती असती, तर तुमी बैठक घेतली असती का? तिला धरून नेलं असतं. तिनं न्हाई म्हणलं असतं तर तिला माहेरी लावून दिलं असतं." दादानं टोपी घातली आणि निघून गेला. खरं बोललं की आमच्या घरात लोक टोपी घालतात.

मग माझे स्कॅन झाले. लिव्हरमधल्या नसा दाखवणारे. आणि तिथं घोळ निघाला.

सर्जन मॅडमनी मला एकट्याला बोलावलं. त्या हैदराबादी हिंदीत बोलल्या, मी माझ्या भाषेत सांगतो. त्यांनी गळ्यातली ती कानाला लावायची नळी काढली, टेबलावर पसरली. खाली एक नळी, वर जाऊन तिच्या दोन होतात. म्हणाल्या, "आतड्यांतलं रक्त एका मोठ्या नसेनं लिव्हरकडं येतं. बहुतेक माणसांत ती लिव्हरच्या दारात अशी फुटते. एक फांदी उजवीकडं, एक डावीकडं. आम्ही देणाऱ्याचा उजवा भाग घेतो. उजवी फांदी कापायची, पेशंटच्या नसेला जोडायची. एक तोंड, एक जोड."

"आणि माझं?"

"तुमच्यात उजवी फांदी अशी नाहीच. उजव्या भागाला दोन नसा वेगवेगळ्या जातात. एक खालीच, लवकर फुटते. दुसरी वर जाऊन डावीकडच्या फांदीतून निघते. उजवा भाग कापला तर माझ्या हातात दोन तोंडं येतील, लांब लांब. पेशंटच्या बाजूला तोंड एकच."

मी आयुष्यभर पाइप जोडणारा माणूस. मला वाटलं यात काय अवघड आहे. म्हणलं, "मॅडम, मग टी बसवा की." माझ्या बॉयलरला असे चार टी आहेत, तीन तोंडांचे पाइपाचे जोड.

त्या हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. म्हणाल्या, नस लोखंडाची नसते. ताणली, पिळली, थोडी दुमडली तरी रक्त आतच गोठतं, आणि ते गोठलं की नवं लिव्हर दोन दिवसांत मरतं, पेशंटही जातो. शिवाय माझ्याकडची दुसरी नस डाव्या फांदीतून निघत असल्यानं ती जरा जास्त कापली गेली तर माझी स्वतःची राहिलेली नस अरुंद होणार. म्हणजे धोका दोघांनाही. "सोपा डोनर असेल तर आधी तो बघा," त्या म्हणाल्या. "तुम्ही घरी जा. विचार करा."

मी विचारलं, "माझ्यात खोट हाय का?"

"नाही. हा आजार नाही. किती तरी लोक असे असतात, त्यांना मरेपर्यंत कळत नाही. तुम्हालाही कळलं नसतं."

घरी आलो तर सगळ्यांचा जीव भांड्यात पडलेला. फोनवर मी जेवढं सांगितलं होतं त्याचं गावात काहीच्या काही झालं होतं. माझं लिव्हर वाकडं आहे. माझ्या नसा उलट्या बसवल्यात. एक जण तर येऊन मला म्हणाला, "तू कुकरचं काम सोड बाबा, नस फुटायची." माय विहारात जाऊन मेणबत्ती लावून आली. आमच्या घरात देव नाहीत, त्यामुळं सगळं श्रेय निसर्गाला गेलं. "निसर्गानंच न्हाई म्हणलं लेका," माय म्हणाली, "आता तुझ्यावर काही दोष न्हाई." दादा बऱ्याच दिवसांनी घरी आला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "तुझ्या मनानं तू तयार होतास. गावानं बघितलं. मोकळा झालास."

मोकळा झालास. तो शब्द मला आजही डाचतो. सगळ्यांनी मिळून मला एक दार उघडून दिलं होतं. कुणी भ्याड म्हणणार नव्हतं, कुणी बोट दाखवणार नव्हतं. नुसतं मान खाली घालून "काय करणार, नसाच अशा" म्हणायचं आणि त्या दारातून बाहेर पडायचं. आत ती मरणार होती. मी दादाचा हात पाठीवरून काढला. म्हणलं, "निसर्गानं मला असा घडवताना तुमाला विचारलं न्हाई आणि मला बी न्हाई. इतकी वर्षं ह्याच नसांवर मी तुमची हळद शिजवतोय. आता न्हाई म्हणायचं असंल तर ती डॉक्टरीण म्हणंल, तुमी न्हाई."

पण सगळ्यात मोठा अडथळा दादा नव्हता. ती होती.

जेवणं झाल्यावर ती भिंतीला टेकून बसलेली, पोटावर हात. म्हणाली, "झालं न्हवं आता. पुरे करा."

"काहून?"

"मला उपकार नको तुमचा."

"उपकार काय त्यात?"

"तुमाला आज न्हाई वाटत. मी तुमाला ओळखते. लग्नात तुमच्या मामानं दिलेला पंखा तुमी अजून दर उन्हाळ्यात काढून बोलता. उद्या भाजी खारट झाली तरी तुमचं लिव्हर बाहेर निघंल. अर्धं गाव तुमाला देवमाणूस म्हणंल आणि अर्धं येडं म्हणंल, आणि मी जन्मभर तुमच्या समोर खाली मान घालून बसू? आजवर मी कुणाचं खाल्लं न्हाई. ड्रमवर उभी राहून खाल्लं. मरीन, पण दिलेल्यावर जगणार न्हाई."

मी चिडलो. म्हणलं, "मरायची लई हौस आली का?" तीही चिडली. पोरगी मधे पडली तेव्हा आम्ही गप झालो. मला रात्रभर राग होता, आणि रागाच्या खाली भीती होती, ते मला कळत होतं. ती खरं बोलत होती. पंख्याचं तर अगदीच खरं होतं.

दुसऱ्या आठवड्यात मी हैदराबादला परत गेलो, न बोलावता. मॅडमच्या दारात बसून राहिलो. त्यांनी आत घेतलं तेव्हा मी म्हणलं, "सोपा डोनर न्हाई. मीच हाय. न्हाई म्हणायचं तर म्हणा, पण कुठं अडतंय ते मला कळेपर्यंत मी उठत न्हाई."

त्यांनी कॉम्प्युटरवर माझे स्कॅन उघडले. मग म्हणाल्या, मी गेल्यापासून त्यांनी त्यांच्या टीमसोबत माझे स्कॅन पुन्हा पाहिले होते. आणि तिचेही. पुन्हा ती नळी गळ्यातून काढली, टेबलावर पसरली.

"तुमच्या नसा दोन. तिच्याकडं एक. मधे कुणीतरी असं पाहिजे," त्यांनी नळी जिथं फुटते तिथं बोट ठेवलं. "एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दोन. हे प्लास्टिकचं चालत नाही. जिवंत नस लागते, त्याच मापाची. ती आपल्याकडं आहे."

"कुठं?"

"तुमच्या बायकोच्या लिव्हरमध्ये. तिची नस दारात सरळ दोन फांद्यांत फुटते, नेहमीसारखी. तिचं लिव्हर आम्ही काढणारच आहोत. तेवढा दुफाटा त्यातून कापून घ्यायचा, त्याच्या दोन फांद्या तुमच्या दोन तोंडांना जोडायच्या आणि खालचं तोंड तिच्याच नसेला. लिव्हर खराब झालं तरी नस अजून चांगली आहे. आत रक्ताची गाठ नाही. पण फार थांबलो तर होईल, मग हा मार्ग बंद. धोका तरीही आहे, तिलाही आणि तुम्हालाही. तो मी कमी करून सांगणार नाही."

मी ती नळी हातात घेतली. त्यांनी घेऊ दिली. दोन्हीकडून फिरवून बघितली. मला रडू आलं, आणि मी रडलो. दवाखान्यात पुरुष रडला की लोक समजतात वाईट बातमी आहे. बाहेर बसलेल्या एका बाईनं मला पाण्याची बाटली दिली.

घरी येऊन मी बायकोला बसवलं. नळी नव्हती, म्हणून अंगणातली कडुनिंबाची एक फुटलेली काडी तोडून आणली आणि तिच्या हातात दिली. सगळं सांगितलं. ती ऐकत होती, काडी फिरवत होती.

"म्हंजे माझ्या खराब लिव्हरातली नस," ती म्हणाली.

"नस खराब न्हाई. मॅडम म्हणाल्या चांगली हाय."

"ती नसली तर?"

"तर माझं लिव्हर तुझ्या काहीच कामाचं न्हाई. दोन तोंडं घेऊन बसायचं."

तिनं काडीच्या दोन्ही फांद्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मंग ठीक हाय." आणि लगेच, "पण एक ऐका. ऑपरेशननंतर गोळ्या जन्मभर खायच्या असतात म्हणे, चुकल्या की लिव्हर जातं. ज्या दिवशी तुमच्या तोंडातून निघंल की मी तुला लिव्हर दिलं, त्या दिवसापासून मी गोळी खाणार न्हाई. पोरीची शपथ." मी कबूल केलं. ती जे बोलते ते करते, हे मला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे.

ऑपरेशनच्या आधी एक समिती बसते. जिवंत माणसाचा अवयव घ्यायचा तर त्याच्यावर जबरदस्ती नाही ना, हे बघायला. मला एकट्याला आत घेतलं, कॅमेरा चालू. साहेबांनी विचारलं, "तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?"

मी म्हणलं, "आहे."

सगळ्यांनी माना वर केल्या. "कुणाचा?"

"आईचा, भावाचा, गावाचा. देऊ नको म्हणून दबाव आहे. त्याच्यावर काही कारवाई होत असली तर बघा."

समितीतल्या एका मॅडमना हसू आलं. पण साहेब गंभीर होते. "आणि पत्नीचा?"

"तिचा सगळ्यात जास्त. ती बी नकोच म्हणत होती."

"मग तुम्ही का देताय?"

कुणी असा प्रश्न आयुष्यात विचारला नव्हता. मी म्हणलं, "साहेब, मला तिच्यासोबत म्हातारं व्हायचंय. त्याला परवानगी लागते हे मला आत्ताच कळलं." त्यांनी खाली बघून सही केली.

ऑपरेशनच्या दिवशी दादा आला. रात्रीच्या गाडीनं, कुणाला न सांगता. माझ्याशी बोलला नाही, खाली जाऊन रक्त देऊन आला आणि माय आणि पोरीजवळ बसून राहिला. मला आत नेताना त्यानं टोपी काढून हातात धरली होती.

शुद्धीवर आलो तेव्हा घशात नळी, नाकात नळी, पोटात जाळ. दुखतं की नाही असं विचारतात लोक. दुखतं. खोकलं तर जीव जातो. मॅडम आल्या तेव्हा मी बोलू शकत नव्हतो, नुसती दोन बोटं फाकवून दाखवली. त्यांना कळलं. म्हणाल्या, "जोड बसला. रक्त व्यवस्थित चालू आहे. दोन्ही फांद्यांत." त्या रोज सोनोग्राफी लावून तिच्या पोटात ते रक्त वाहताना बघत होत्या, आणि रोज मला येऊन सांगत होत्या. पाचव्या-सहाव्या दिवशी मला व्हीलचेअरवर तिच्या खोलीच्या काचेपर्यंत नेलं. ती पडून होती, तोंडाला मास्क. डोळे पांढरे. इतके पांढरे डोळे तिचे मी लग्नात सुद्धा पाहिले नव्हते, तेव्हाही हळदच होती.

तिनं मला व्हीलचेअरवर बघितलं आणि हात हलवून काहीतरी म्हणाली. काचेमुळं ऐकू आलं नाही. नंतर कळलं, ती म्हणत होती, "अखेर बसलात का खुर्चीवर."

यंदाचा हंगाम आमचा बराबर चालला. मी जड उचलत नाही, कुकरवर माणूस लावलाय. तिला धूळ वर्ज्य आहे, औषधांनी अंगातली ताकद कमी होते, साधा सर्दीचा जंतू सुद्धा तिला चालत नाही. भाजीतली हळद खाल्ली तर चालते, धूळ मात्र नको. म्हणून ती ड्रमपासून लांब, वाऱ्याच्या उलट्या बाजूला, लिंबाखाली मास्क लावून बसते आणि तिथून मोबाइलवर हुकूम सोडते. गोळ्या वेळेवर घेते. गाव अजून बोलतं, मी अजून शर्ट वर करतो.

परवा काय झालं, ड्रम जास्त वेळ फिरला. ती फोनवर ओरडून राहिली, बंद करा, कांडी मोडून राहिली. मी म्हणलं होतं थोडं अजून. तर बाई उठून सरळ धुळीत चालत आली, मास्क हनुवटीवर, मजूर बायांच्या देखत माझ्या हातातून कांडी घेतली आणि म्हणाली, "डोळे फुटले का तुमचे?"

माझं टाळकं सरकलं. ती धूळ तिच्या तोंडात जाताना दिसत होती. मी ओरडलो, "अगं, धुळीत काहून आलीस? मी तुला..."

आणि तिथंच माझी जीभ अडकली. दोन शब्द बाहेर आले होते. बाया थांबल्या होत्या, ड्रम गरगरत होता. तिनं मास्क वर ओढला आणि माझ्याकडं बघत उभी राहिली. मनात एकच, हिनं संध्याकाळची गोळी खाल्ली नाही तर मी काय करू.

"बोला," ती म्हणाली. "बोला की पुढं. न्यायचं असंल तर न्या तुमचं लिव्हर. माझा जोड तेवढा ठेवून जा. मंग बघू, दोन तोंडांचं ते तुमी कुठं बसवता."

बाया हसायला लागल्या. ती परत लिंबाखाली जाऊन बसली, पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि संध्याकाळची गोळी, वेळ व्हायच्या आधीच, मला दिसेल अशी तोंडात टाकली. मी ड्रम बंद केला.